एक दिवस आणि एकोणपन्नास वर्षे

सैनिकाच्या पराक्रमाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले-बोलले जाते. त्याच्या धीराविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. पराक्रम डोळ्यांत भरतो. त्याच्या वाट्याला आरोळी असते, निशाण असते, पुढे मिरवणूकही असते. धीराच्या वाट्याला यांतले काही येत नाही. दारूगोळा संपत आलेला आहे, शेजारचा सोबती पडलेला आहे, घशाला कोरड आहे, कुमक येईल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तरीही माणूस आपली जागा सोडत नाही, याला आम्ही धीर म्हणतो. पराक्रम क्षणांत मोजता येतो. धीराचे मोजमाप तासांनी, महिन्यांनी आणि प्रसंगी वर्षांनी करावे लागते. विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने युद्धातील अशा अंधाऱ्या घटकांत टिकून राहिलेल्या सैनिकांचे स्मरण करावे आणि त्या स्मरणातून आपल्या विद्यार्थ्यांनी नेमके काय घ्यावे याविषयी आमचे मत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भीमा कोरेगावची लढाई आपल्या वाचकांस परिचित आहे. दरवर्षी १ जानेवारीला लाखो अनुयायी तेथील स्तंभास अभिवादन करण्यासाठी जातात. परंतु त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले असे विचारले, तर आपल्यातील पुष्कळांना पाचशे आणि अठ्ठावीस हजार हे दोन आकडे तेवढे सांगता येतात. इतिहासाच्या अध्यापकाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्या दिवसाचा घटनाक्रम या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन याच्या हाताखालील तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. तीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई होते. सोबत अडीचशे-तीनशे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि त्या चालविणारे थोडे युरोपियन गोलंदाज होते. रात्रभर पायी चालून सकाळी ही माणसे भीमेच्या काठी पोचली, तो समोर पेशव्याची फौज उभी. ती सर्व मिळून अठ्ठावीस हजारांच्या घरात होती असे सांगितले जाते. तिच्यातून अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या सुमारे दोन हजारांच्या तुकड्या गावावर चालून आल्या. स्टॉन्टनने कोरेगावात आश्रय घेतला आणि घराघरांतून, गल्लीगल्लीतून झुंज सुरू झाली.

या शिपायांनी आदल्या रात्रीपासून विश्रांती घेतलेली नव्हती, पोटात अन्न नव्हते. याहून कठीण गोष्ट पाण्याची होती. नदी गावाला लागून वाहत होती, परंतु तिच्यापर्यंत जाण्याची वाट शत्रूच्या ताब्यात होती. डोळ्यांसमोर पाणी आणि ओंजळ कोरडी, अशा स्थितीत तो दिवस गेला. तोफखान्याचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि एक तोफ शत्रूच्या हाती पडली. लेफ्टनंट पॅटिन्सन याने शिपायांना घेऊन ती परत मिळविली. त्यात त्याला प्राणघातक जखम झाली. तोफेपाशी चिझमचे शीर नसलेले धड सापडले. बहुतेक गोरे अधिकारी मेले होते किंवा जायबंदी झाले होते. तोफखान्यातील काहींनी शरण जाण्याचा विचार बोलून दाखविला, तो स्टॉन्टनने मानला नाही. अंधार पडल्यावर कुठे शिपायांना पाणी मिळू शकले. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. आठशेच्या वर असलेल्या त्या तुकडीतील सुमारे पावणेतीनशे माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली होती. दुसरी इंग्रज फौज जवळ येत असल्याने पेशव्याचे सैन्य पुढे निघून गेले आणि स्टॉन्टनची उरलेली माणसे शिरूरला परतली.

हा घटनाक्रम आम्ही मुद्दाम सविस्तर दिला आहे. त्यावरून हे ध्यानात येते की कोरेगावच्या शिपायांनी शत्रूचा पाठलाग केला नाही, निशाणे जिंकून आणली नाहीत, मुलूख काबीज केला नाही. गाव सोडायचे नाही आणि शरण जायचे नाही, ही एकच गोष्ट त्यांनी केली. पेशवाई त्या एका दिवसात बुडाली असेही नाही; अष्टीची लढाई फेब्रुवारी १८१८ मध्ये झाली आणि बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये. कोरेगावचे मोठेपण ज्यांना विजयाच्या हिशेबात बसवावयाचे आहे त्यांची म्हणून ओढाताण होते. धीराच्या हिशेबात ते सहज बसते, आणि तेथे त्याला कोणत्याही अतिशयोक्तीची गरज उरत नाही.

आता त्या शिपायांकडे वळू. इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासांत या लढाईतील अधिकाऱ्यांची नावे, त्यांचे हुद्दे, त्यांच्या जखमा यांची नोंद आहे. पॅटिन्सनची उंची सहा फूट सात इंच होती, हेदेखील आपल्याला ठाऊक आहे. शिपायांच्या वाट्याला मात्र स्तंभाच्या दगडावरचे केवळ नाव आले. तेथे कोरलेल्या मृत शिपायांच्या नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा शब्द येतो आणि त्यावरून ते महार होते हे ओळखता येते. त्यांच्या शेजारी इतर जातिधर्मांच्या शिपायांचीही नावे आहेत. एका अधिकाऱ्याची उंची इंचापर्यंत ठाऊक असावी आणि ज्यांनी दिवसभर तहानेने व्याकूळ होऊन ती जागा राखली त्यांचे गाव, वय, मागे राहिलेली माणसे यांतले काहीही ठाऊक नसावे, हे इतिहासलेखनाचे वैगुण्य आहे. त्याकडे आपण आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हे शिपाई कोणत्या बळावर टिकले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. ते जातीय अन्यायाचा सूड घेण्यासाठी लढले, असे एक उत्तर आपल्याकडे दिले जाते. ते केवळ पगारासाठी लढले, असे उत्तर आपले विरोधक देतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पेशवाईत अस्पृश्यांना जे सोसावे लागले ते त्या शिपायांना माहीत नव्हते असे कोण म्हणेल? ते त्यांच्या अंगावरून गेलेले होते. परंतु त्या दिवशी त्यांच्या मनात काय चालले होते हे सांगणारा एकही कागद त्यांनी मागे ठेवलेला नाही. त्यांना तो लिहिता येऊ नये अशीच समाजरचना होती. लढाईविषयी जे सामान्यपणे ठाऊक आहे त्यावरून एवढे म्हणता येते की अशा घटकेला माणसाला तत्त्वज्ञान आठवत नाही. त्याला शेजारी उभा असलेला सोबती दिसतो. मी हललो तर हा उघडा पडेल, एवढा एकच विचार त्याला जागेवर धरून ठेवतो. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या खांद्याला खांदा लावून पलटणीतला दुसरा शिपाई उभा होता आणि दोघांचे प्राण एकमेकांच्या हाती होते. त्या मनुष्यांना बरोबरीचा हा अनुभव कदाचित प्रथमच येत असेल. यापुढे जाऊन त्यांच्या तोंडी आजची वाक्ये घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग कोरेगावला आजचा अर्थ कोणी दिला? आमचे उत्तर असे की तो त्यांच्या वारसांनी दिला, आणि तो देण्यासाठी त्यांना कोरेगावाहून अधिक अंधाऱ्या काळातून जावे लागले. सैनिकाचा सर्वांत अंधारा क्षण रणांगणावरच येतो ही समजूत आम्हांस अपुरी वाटते. ज्या सेनेसाठी रक्त सांडले तीच सेना जेव्हा ‘तू लढवय्या नाहीस’ असे सांगते, तो क्षण अधिक अंधारा असतो. महार सैनिकांच्या वाट्याला तो १८९२ च्या सुमारास आला. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी करणारा सिद्धांत त्या वेळी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत बळावला होता. लॉर्ड रॉबर्ट्स हा सरसेनापती त्याचा मोठा पुरस्कर्ता होता. त्या धोरणानुसार महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. ज्यांच्या पूर्वजांची नावे सरकारने स्वतःच दगडात कोरली होती, त्यांना सरकारने कागदावर अपात्र ठरविले.

या निर्णयाने केवळ नोकरी गेली असे नाही. लष्करात शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या. गावच्या शाळेत ज्याला ओट्याखाली बसावे लागले असते तो मुलगा तेथे अक्षर गिरवीत होता. निवृत्तीनंतर ठरावीक वेतन मिळत होते, त्यामुळे बलुत्याच्या भाकरीवाचून जगता येत होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या लष्करी छावणीत. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच ते दार बंद झाले. एका पिढीला आत घेऊन पुढच्या पिढ्यांना बाहेर ठेवणारे ते दार होते.

या दारापुढे उभे राहून जे लोक हटले नाहीत त्यांची नावे आपल्या मुलांना कोरेगावच्या तारखेइतकीच पाठ असावीत. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढूळचे, लष्करातून १८८६ साली निवृत्त झालेले. त्यांनी लेखणी हाती घेतली, वृत्तपत्रांतून अस्पृश्यतेवर प्रहार केले आणि १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध सरकारला उद्देशून विनंतिअर्जाचा मसुदा तयार केला. पुढच्या दशकात पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला एकावन्न गावांतील महारांची सभा भरविली आणि दीड हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. तो मान्य झाला नाही. त्यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी तो थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे धाडला. लष्करात व पोलिसांत आमच्या माणसांना घ्या, आम्ही याच भूमीचे नागरिक आहोत, असा त्याचा आशय होता. कांबळे एका युरोपियन संस्थेत बटलरचे काम करीत. दिवसभर दुसऱ्याच्या ताटवाट्या मांडून रात्री सह्यांचे कागद जुळविणाऱ्या या माणसाचा धीर आम्ही कोरेगावच्या शिपायाच्या धीराहून तसूभरही कमी मानत नाही. कोरेगावात शत्रू समोर दिसत तरी होता आणि रात्र पडताच गोळीबार थांबला होता. येथे शत्रू एका फायलीत होता आणि ती रात्र संपता संपत नव्हती.

याच काळात युरोपात महायुद्ध पेटले. त्यातला एक वेढा येथे सांगितला पाहिजे, कारण तोही महाराष्ट्राच्या मातीशी जोडलेला आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणावर कुट-अल-अमारा नावाचे गाव आहे. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन तेथे डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस हा वेढा चालला. शिधा घटत गेला, घोडी कापून खाण्याची वेळ आली, रोगराई पसरली. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजांचे प्रयत्न एकामागून एक फसले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि त्यानंतर कैद्यांचे जे हाल झाले त्यांत असंख्य शिपाई मेले. सातारा, कोकण, दख्खन या भागांतील शेतकऱ्यांची ही मुले होती. ती हरली, परंतु त्यांच्या धीरात काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. धीर हा कोणा एका जातीचा वतनी हक्क नाही. ज्यांनी तो एका जातीचा आणि दुसऱ्या जातीचा नव्हे असे ठरविले, त्यांच्याच धोरणाविरुद्ध आपले पूर्वज झगडत होते. म्हणून आपण तरी ती चूक करू नये.

युद्ध लांबले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा बिनलढाऊ ठरविलेल्यांची सरकारला आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपले, गरज सरली आणि थोड्याच वर्षांत ती मोडण्यात आली. पंचवीस वर्षे दार ठोठावल्यावर ते उघडले आणि डोळ्यांदेखत पुन्हा बंद झाले. निराश होण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकते? परंतु ज्यांनी त्या पलटणीत कवायत केली होती ते गावी परतले तेव्हा मान खाली घालून राहण्यास तयार नव्हते.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तेथील सभेच्या मागे शिवराम जानबा कांबळे यांचीच खटपट होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. या दोन तारखा आम्ही वर्गात नेहमी शेजारी शेजारी लिहितो. १८१८ साली जे शिपाई नदीकाठी तहानलेले राहिले ते निदान शत्रूच्या बंदुकांमुळे. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना मात्र शांततेच्या काळात, स्वतःच्या गावात, सरकारने खुल्या केलेल्या तळ्यावर पाणी मिळत नव्हते.

महाडच्या त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि आमच्या दृष्टीने सैनिकी धीराचे सर्वोच्च उदाहरण तेच आहे. परिषद आटोपून परतणाऱ्या प्रतिनिधींवर अफवेच्या भरात हल्ले झाले. बायकामुले, वृद्ध मार खाऊ लागले. महाड-दापोलीचा तो मुलूख लष्करी पेन्शनरांचा. परिषदेस आलेल्यांत फौजेत नोकरी केलेली, हत्यार चालविण्यात वाकबगार अशी माणसे पुष्कळ होती. सरकारी बंगल्यापाशी जमलेले संतप्त लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांनी शांत राहण्यास सांगितले, आणि ती माणसे शांत राहिली. लढण्याचे शिक्षण घेतलेल्या, लढण्याचे कारण असलेल्या आणि लढण्याइतकी संख्या असलेल्या माणसांनी हात आवरला. गोळ्यांच्या वर्षावात जागेवर उभे राहण्यास जो धीर लागतो त्याहून तो मोठा होता. तळ्याचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे ही माणसे कायद्याच्या वाटेने चालत राहिली.

१९४१ साली बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९२ ते १९४१ ही एकोणपन्नास वर्षे होतात. आज त्या रेजिमेंटमध्ये देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील व जातींतील जवान सेवा करतात. तिच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी दाखविलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एका जातीला नाकारलेले दार उघडण्यासाठी जो झगडा झाला, त्यातून सर्वांसाठी खुली असलेली पलटण उभी राहिली, याची आम्हांस विशेष धन्यता वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. बुद्धाच्या मार्गाने चालणाऱ्या विद्यालयाने सैनिकांचे गोडवे का गावेत? आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. आम्ही युद्धाचा गौरव करीत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा सांगितली आहे तिच्या मुळाशी पाण्याचाच तंटा आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात वाद झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, त्याचे म्हणणे बहुमताने फेटाळले गेले, तरी त्याने मत बदलले नाही. आपल्या विरोधाची शिक्षा कुटुंबाला भोगावी लागू नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. भरल्या सभेत एकट्याने उभे राहून ‘हे युद्ध होऊ नये’ असे म्हणणे आणि त्याची किंमत स्वतः मोजणे, यालाही शूराचेच काळीज लागते. दहा पारमितांमध्ये वीर्य आणि क्षांती या दोन्हींचा समावेश आहे. प्रयत्न न सोडणे म्हणजे वीर्य, आणि द्वेष न करता सोसणे म्हणजे क्षांती. कोरेगावच्या शिपायांत पहिली होती. महाडच्या पेन्शनर सैनिकांत दोन्ही एकत्र आल्या. आपल्या विद्यार्थ्यांनी जावयाचे ते या दिशेने, आणि म्हणून शौर्यदिनाच्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही समाजाला हिणवणारी घोषणा आपल्या आवारात उठता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या विद्यालयातील मुलांच्या वाट्याला, सुदैवाने, गोळ्यांचा वर्षाव आलेला नाही. परंतु अंधाऱ्या घटका त्यांनाही ठाऊक आहेत. दाखल्यासाठी तहसील कचेरीत चार-चार खेपा, अडकून पडलेली शिष्यवृत्ती, घरी नांगराला माणूस नाही म्हणून आलेला निरोप, इंग्रजीच्या पेपरात आलेले अपयश, ‘तुमच्याच्याने हे व्हायचे नाही’ असे कुणीतरी सहज बोलून गेलेले वाक्य, या सर्वांतून ती जात असतात. अशा मुलाला केवळ विजयाच्या कथा सांगितल्या तर त्याचा स्वतःविषयीचा अविश्वास वाढतो. पूर्वज एका दिवसात अठ्ठावीस हजारांना पुरून उरले आणि आपल्याला एक अर्ज मंजूर करून घेता येत नाही, असे त्याला वाटते. त्याला वलंगकरांचा मसुदा सांगा, कांबळ्यांचा फेटाळलेला अर्ज सांगा, मोडलेली १११ वी पलटण सांगा. नामंजूर झालेला कागद घेऊन पुन्हा रांगेत उभे राहणारा तो पहिलाच नाही, हे त्याला कळू द्या. तो वारसा त्याच्या अधिक जवळचा आहे.

म्हणून विद्यालयाच्या संचालक मंडळापुढे आणि सहकारी शिक्षकांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की नववी-दहावीच्या मुलामुलींना कोरेगावला गर्दीच्या दिवशी न नेता एखाद्या साध्या दिवशी न्यावे, सोबत वही असावी आणि स्तंभावरील सर्व नावे, कोणत्याही जातीची असोत, त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावीत. दुसरी सूचना अशी की भरतीबंदीविरुद्धच्या अर्जांची हकीकत लढाईच्या हकीकतीला जोडूनच शिकविली जावी. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.

तिसरी सूचना आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धाची आठवण देणाऱ्या शिळा आहेत. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत, एवढाच मजकूर त्यांवर असतो, नावे नसतात. आपली मुले पन्नास गावांतून येथे राहावयास येतात. सुटीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावात अशी शिळा आहे का ते पाहावे, गावातील निवृत्त जवानांना, वीरपत्नींना, जवानांच्या आईवडिलांना भेटावे आणि त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून आणावे. जवानाचे नाव, गाव, पलटण, कोणत्या ठिकाणी होता, सर्वांत कठीण दिवस कोणता होता, तो कसा निभावला, आणि परतल्यावर गावाने त्याला कसे वागविले, हे सर्व त्यात यावे. शेवटचा प्रश्न कोणीही गाळू नये.

स्तंभावरील त्या बावीस माणसांची गावे शोधण्यास आता फार उशीर झालेला आहे. आपल्या पन्नास गावांतील जवानांच्या बाबतीत तो अद्याप झालेला नाही. येत्या उन्हाळी सुटीपासून ही वही सुरू व्हावी आणि तिचा पहिला भाग पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापला जावा, अशी आमची विनंती आहे.